मामूंचा दिवा आणि ऑक्सफर्डची घंटा

माझ्या मामूंची एक वही माझ्याकडे आहे. शाळकरी, दोनशे पानी, वर पुठ्ठ्याला खाकी कव्हर. आत तारखा आणि आकडे. '१.१२', '१.०९', '१.०९', '१.०७'. मधेच कुठेतरी '१.१४' आणि त्याभोवती लाल पेनाने तीन वेळा गोल. त्या लाल गोलाने आमच्या घरात जवळपास वर्षभर धिंगाणा घातला. त्याची सुरुवात मी केली होती, म्हणून हा किस्सा मीच सांगायला हवा.

२००८ चा उन्हाळा. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी तेव्हा वीज येण्यापेक्षा जायचीच जास्त. मामू सूतगिरणीतून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे गल्लीतले सगळे इन्व्हर्टर, चार्जिंगचे दिवे, रेडिओ त्यांच्याकडे यायचे. मी सुट्टीला गेलो होतो. एका संध्याकाळी त्यांना काहीतरी गंमत दाखवावी म्हणून जळक्या सीएफएल बल्बमधली छोटी फेराइटची रिंग काढली, तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे घातले, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टन्स आणि एक पांढरा एलईडी जोडला. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून मामीने काढून टाकलेला पेन्सिल सेल कचऱ्याच्या डब्यातून उचलला आणि त्याला लावला. एलईडी लागला.

इथवर ठीक होतं. पण मी वर म्हणालो, "बघा मामू, मेलेल्या सेलवर चालतंय." ही माझी चूक. सेल मेलेला नव्हता. पण वाक्य तोंडून गेलं.

तो दिवा मामूंनी स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. आठ दिवसांनी मी परत पुण्याला आलो तेव्हा चालू. महिन्याने फोन केला, चालू. रमजान आला, सहरीच्या अंधारात मामीला त्या उजेडात पातेलं दिसायचं. मामू फोनवर म्हणाले, "अरे, ये तो बुझताच नै रे."

या सर्किटला जगभर 'ज्यूल थीफ' म्हणतात. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंग्लंडच्या 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात वाचकांनी पाठवलेल्या युक्त्यांच्या सदरात झेड. कापारनिक यांनी ते छापून आणलं. मूळ तत्त्व त्याहून कितीतरी जुनं, पण एका सेलवर एलईडी लावायचं हे सुटसुटीत रूप तिथून पसरलं. पुढे क्लाइव्ह मिचेल या स्कॉटिश इलेक्ट्रिशियनने त्याला हे नाव दिलं. ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप, आणि इंग्रजीत 'ज्वेल थीफ' म्हणजे रत्नांचा चोर. मामूंना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की काही विचारू नका. १९६७ चा देव आनंदचा 'ज्वेल थीफ' त्यांचा जीव की प्राण. त्या दिवसापासून फळीवरच्या दिव्याचं नाव 'देवसाब'.

चोरी कशी होते ते साधं आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. पेन्सिल सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो. म्हणजे थेट लावला तर एलईडी ढिम्म. शेतातली मोटार एकदम बंद पडली की पाइपलाइनमधलं वाहतं पाणी कसा दणका देतं, ते शेतकऱ्याला माहीत असतं. त्या दणक्याचा दाब मोटारीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, पण क्षणभरच. इथे पाण्याच्या जागी वीज आणि पाइपच्या जागी तारेची गुंडाळी. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा वीज सोडतो आणि तोडतो. प्रत्येक तोडीला गुंडाळी दणका देते आणि तेवढ्यापुरता एलईडी लागतो. डोळ्याला ते सलग दिसतं. घड्याळ जिथे थांबतं तिथे, म्हणजे सव्वा व्होल्टच्या खाली-वर, सेलमध्ये अजून बराच माल उरलेला असतो. हे सर्किट तो अर्ध्या व्होल्टच्या जवळपास येईपर्यंत चाटूनपुसून घेतं. दाब वाढतो, पण त्याच प्रमाणात प्रवाह घटतो. नवीन काही तयार होत नाही.

आता हिशेब. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॉट-तास ऊर्जा असते. एलईडी पूर्ण तेजाने लावला तर ६० मिलिवॉट खातो, म्हणजे ५० तासांत खेळ खलास. तोच मंद करून १ मिलिवॉटवर आणला तर ३००० तास, म्हणजे चार महिने. एक दशांश मिलिवॉटवर आणला तर ३०,००० तास, जवळपास साडेतीन वर्षं. आणि आपला डोळा मोठा लबाड आहे. उजेड विसाव्या हिश्श्यावर आला तरी अंधाऱ्या खोलीत तो सांगतो, 'हो, लागलाय की.' चार महिन्यांपूर्वी किती होता हे त्याला आठवत नाही.

हे सगळं मी मामूंना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक मला आवडलं होतं.

हिवाळ्यात मामींचा फोन आला. शेजारच्या तालुक्यातले एक गृहस्थ घरी येऊ लागले होते. त्यांच्याकडे म्हणे एक 'आपोआप चालणारं जनित्र' होतं. बॅटरीवर मोटर, मोटरवर डायनॅमो आणि डायनॅमोवर तीच बॅटरी. फक्त 'थोडं सेटिंग' बाकी. मामूंच्या वहीतले आकडे बघून ते म्हणाले होते, तुम्ही शास्त्रज्ञ आहात, आपण पार्टनर होऊ. मामूंनी २० हजार देऊन टाकले होते. आता ग्रॅच्युइटीतले २ लाख द्यायचे होते. त्या पैशांवर माझ्या मामेबहिणीचं बीएड ठरलेलं होतं.

मी त्या आठवड्यात पहिल्यांदा या वेडाचा इतिहास वाचायला घेतला. मामूंना काय सांगायचं हे शोधायला. आणि पहिल्याच दिवशी आपल्याच खानदेशात येऊन पोचलो.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे, आणि त्यात 'स्वयंवह' यंत्र येतं, म्हणजे आपलं आपण फिरणारं. हलक्या लाकडाचं चाक घ्यावं, त्याला समान अंतरावर पोकळ, किंचित वाकडे आरे बसवावेत, प्रत्येक आऱ्यात अर्धा पारा भरून तोंड बंद करावं, आणि चाक दोन खांबांवर आसावर टांगावं. एका बाजूचा पारा कडेला सरकतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे, आणि चाक फिरत राहतं. कल्पना त्यांचीही नव्हती. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये असं चाक सांगून ठेवलं होतं.

हे चाक फिरत नाही. कडेला गेलेला पारा जास्त जोर लावतो हे खरं, पण कोणत्याही क्षणी आसाकडे सरकलेल्या बाजूला पारा जास्त असतो. दोन्हींची बरोबरी होते, चाक दोन-चार हेलकावे खाऊन बसून जातं. ज्या माणसाने ग्रहांच्या गतीचे इतके बारीक हिशेब केले, त्याच्या ग्रंथात हे आहे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आकाशात सूर्य-चंद्र कोणी न ढकलता फिरताना रोज दिसत होते. तसं जमिनीवर एखादं चाक का फिरू नये, हा प्रश्न त्या काळी शहाण्या माणसालाच पडला असता.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, त्याची ही नोंद, साधारण १२०७ सालची. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे.

त्याच्या एखादं वर्ष आधी, १२०६ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरला अल्-जझरी नावाच्या कारागिराने आपलं यंत्रांचं पुस्तक पुरं केलं. पाणघड्याळं, कारंजी, पाणी उपसायचे रहाट, हत्तीवरचं ते प्रसिद्ध घड्याळ. त्यात एक यंत्र आहे 'दाइम' वाजणाऱ्या बासरीचं. आपण 'कायम-दायम' म्हणतो ना, तोच दाइम. मी थोडा दचकलोच. म्हणजे इथेही? पण नाही. वरून पाणी येतं, आलटूनपालटून दोन टाक्यांत पडतं, एक भरते तेव्हा तिच्यातली हवा दाबली जाऊन बासरी वाजते, तोवर दुसरी रिकामी होते. बासरी थांबत नाही, पण पाणी येतंय तोवरच. जझरीच्या 'दाइम'मध्ये वरून येणारी पाण्याची धार धरलेली आहे, आणि ती त्याने चित्रात काढून दाखवली आहे. प्रस्तावनेत तो हेही म्हणतो की, जी कला प्रत्यक्ष करून पाहिलेली नाही ती खऱ्या-खोट्याच्या मधेच राहते. तो लिहायच्या आधी करून बघणारा माणूस होता.

इथे जरा थांबून एक सांगतो. आमच्यातले काही जण जझरीचं नाव घेऊन 'रोबोट आमचेच' म्हणतात, दुसरीकडे काही जण भास्कराचार्यांचं नाव घेऊन 'फ्री एनर्जी आमचीच' म्हणतात. दोघांनीही पुस्तकं उघडलेली नसतात. त्याच सुमाराच्या अरबी हस्तलिखितांमध्येही आपोआप फिरणारी चाकं आहेत. आणि लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने असं मांडलं आहे की ही कल्पना भारतातून अरबी जगात आणि तिथून युरोपात गेली. १२३५ च्या सुमारास व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या वहीत हातोडे टांगलेलं तसलंच चाक दिसतं. शून्य ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने ही चूकही गेली.

युरोपात या वेडाला पैसा चिकटला. बेसलर नावाच्या जर्मन माणसाने १७१७ मध्ये कॅसलच्या राजाच्या वाड्यात मोठं चाक बसवलं. खोलीला सील लावलं. ५४ दिवसांनी उघडलं तर चाक फिरतंय. मोठमोठे विद्वान चक्रावले. आतलं मात्र तो मोठी रक्कम घेतल्याशिवाय दाखवेना, आणि पुढे त्यानेच ते फोडून टाकलं. १७२७ मध्ये त्याच्या घरच्या मोलकरणीने जबानी दिली की शेजारच्या खोलीतून हाताने फिरवत होतो. तिचं खरं मानायचं की नाही यावर आजही लोक भांडतात. चाक मात्र पुन्हा कोणाला फिरवता आलेलं नाही.

१७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं की असल्या यंत्रांचे अर्ज यापुढे तपासायचेच नाहीत. त्या ठरावात एक कारण दिलंय ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. या नादाने एकाहून जास्त कुटुंबं धुळीला मिळाली, आणि ज्यांच्या हातून चांगली कामं झाली असती अशा कारागिरांनी त्यात पैसा, वेळ आणि बुद्धी घालवली, असं त्यात आहे. मामूंचे २ लाख तेव्हा अजून बँकेत होते.

मग ज्यूल. ज्याच्या नावाने चोरी होते तो. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या दारूच्या भट्टीवाल्याचा मुलगा, कॉलेजात न शिकवणारा, घरीच प्रयोगशाळा थाटलेला. आपल्या भाषेत हौशीच. १८३८-३९ च्या सुमाराला, विशीत, तो विजेच्या मोटरी बनवत होता. बॅटरीवरची मोटर वाफेच्या इंजिनाला मागे टाकील, तिच्या ताकदीला सीमा नसेल, अशी त्यालाही भुरळ पडली होती. म्हणजे मामूंसारखीच. फरक असा की तो मोजत राहिला. १८४१ मध्ये त्याने हिशेब मांडला. बॅटरीत एक पौंड जस्त झिजवून जेवढं काम होतं, त्याच्या जवळपास पाचपट काम चांगलं वाफेचं इंजिन एक पौंड कोळशात करतं. जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मोटरीचं स्वप्न त्याने स्वतःच, भर व्याख्यानात मोडलं. त्याच मोजण्याच्या सवयीतून पुढे त्याने पाण्यात पंखे फिरवून दाखवलं की, अमुक काम केलं की तमुक उष्णता मिळते, ना कमी ना जास्त. भौतिकशास्त्रातला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम ज्यांच्यामुळे उभा राहिला, त्यांतला हा एक.

हे सगळं मामूंना सांगून उपयोग नव्हता. फ्रेंच अकादमीचा ठराव सूतगिरणीच्या वायरमनला कशाला पटावा? त्यांच्याकडे वही होती. पण वाचता वाचता मला एक वस्तू सापडली, जी 'देवसाब'ची थोरली बहीण म्हणावी.

ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत काचेच्या दुहेरी हंड्यांखाली दोन लहान पितळी घंटा आहेत. प्रत्येकीच्या वर एक कोरडी बॅटरी, बाहेरून गंधकाचा लेप दिलेली. मधे दोऱ्याला टांगलेली चार मिलिमीटरची गोळी. गोळी एका घंटेला लागते, तिचा भार घेते, तिच्यापासून ढकलली जाऊन दुसरीकडे जाते, तिथे लागते, परत येते. १८४० पासून. हवेत दमट जास्त झाल्यावर मधेमधे अडखळली असेल तेवढीच. सेकंदाला साधारण दोन हेलकावे. बॅटऱ्यांच्या आत नक्की काय भरलंय ते पाहायला अजून कोणी त्या फोडलेल्या नाहीत, कारण फोडल्या की घंटा थांबणार. पण त्या जातीच्या बॅटऱ्या १८१२ मध्ये इटलीत झाम्बोनी यांनी केल्या होत्या. धातूचा मुलामा दिलेल्या कागदाच्या हजारो चकत्यांची थप्पी.

आता हिशेब करा. दाब जवळजवळ २००० व्होल्ट. प्रवाह मात्र एक नॅनोअँपिअरच्या आसपास, म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग. दोन्हींचा गुणाकार २ मायक्रोवॉट. १८५ वर्षांचे सेकंद साधारण ५८४ कोटी. एकूण खर्च, ११ ते १२ हजार ज्यूल. आणि मघाच्या ३ वॉट-तासांच्या पेन्सिल सेलचे ज्यूल किती? १० हजार ८००.

म्हणजे १८५७ चं बंड, दोन महायुद्धं, फाळणी, सगळं होऊन गेलं, आणि या घंटेने तेवढ्या काळात खर्च केली ती साधारण एका पेन्सिल सेलएवढी वीज. मी हे त्या रात्री कागदावर तीनदा करून पाहिलं.

शनिवारी गावी गेलो. मामूंना आधी घंटेचा हिशेब दाखवला. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. म्हणाले, "मग माझा १.१४ कुठून आला?" लाल गोल. आदल्या दिवशी १.०७, दुसऱ्या दिवशी १.१४, म्हणजे सेल भरतोय. मी विचारलं, मधे बंद ठेवला होता का? हो, दिवसभर वीज होती म्हणून बंद ठेवला होता. सेल विसावला की आतली रसायनं पुन्हा सारखी पसरतात आणि दाब वर येतो. दमलेला माणूस बसला की श्वास जागेवर येतो, त्याने पोटात भाकरी जात नाही. पुन्हा चालू केल्यावर तासाभरात १.०७ झाला होता का? वहीत ती नोंद होती. त्यांच्याच हातची.

दुसरा आकडा जास्त अवघड होता. त्या गृहस्थांनी एलईडी काढून तिथे कपॅसिटर लावून मोजलं होतं, ३० व्होल्ट. सेलमधला प्रवाहही मोजला होता. दोन्हींचा गुणाकार केला की सेल देतो त्याहून कितीतरी जास्त बाहेर. पंचवीसपट! पण ३० व्होल्ट मोजले ते काहीच भार नसताना, आणि प्रवाह घेतला तो सेलच्या बाजूचा, तोही एलईडी लावलेला असताना. एका विहिरीची खोली आणि दुसऱ्या विहिरीचा घेर गुणून पाणी किती ते सांगण्यातला हा प्रकार. मी समजावत होतो आणि मामूंचा चेहरा बंद होत चालला होता. चाळीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला भाचा मीटर वाचायला शिकवतोय, हे मलाही बरं वाटत नव्हतं.

मग मी बोलणं थांबवलं आणि जझरीची वाट धरली. त्यांच्याच पेटीतला ४७०० मायक्रोफॅरॅडचा मोठा कपॅसिटर घेतला, सेलला लावून भरला, सेल काढला आणि 'देवसाब'ला सेलच्या जागी तो जोडला. एलईडी चार-पाच सेकंद लागला आणि विझला. "आता यातून पंचवीसपट निघत असेल, तर त्यातला थोडा मागे फिरवून याच कपॅसिटरला द्या. तुम्ही जोडा, मी हात लावत नाही."

मामूंनी जोडलं. डायोड उलटा लागलाय का म्हणून बदललं. तारेचे वेढे कमी केले, मग वाढवले. मामीने दोनदा चहा दिला. प्रत्येक वेळी तेच, तीन सेकंद, चार सेकंद, आणि अंधार. इशाची अजान झाली तेव्हा ते उठले, वहीत तारीख घातली आणि लिहिलं, '११ बार किया. नहीं चला.' वहीत मराठी-उर्दूची सरमिसळ असायची त्यांची.

२ लाख बँकेतच राहिले. बहिणीचं बीएड झालं. २० हजार गेले ते गेलेच. त्या गृहस्थांनी पुढे फोन उचलणं बंद केलं आणि गल्लीत दोन-तीन महिने मामूंना 'शास्त्रज्ञ' म्हणून चिडवलं गेलं. त्यांनी ते कसं घेतलं हे मी कधी विचारलं नाही.

फळीवरचा दिवा मात्र त्यांनी काढला नाही. नोंदी चालूच राहिल्या, फक्त लाल पेन बंद झालं. फेब्रुवारी २००९ च्या पानावर '०.५२' आहे, आणि पुढे 'बुझ गया'. खाली एक ओळ सोडून त्याच शाईने नवी तारीख, आणि शेजारी, 'टीव्ही के रिमोट का सेल. १.१८.'